पंधरा जणांच्या यादीतला शेवटचा

डिसेंबर २०११ मध्ये जेरेमी लिन या तेवीस वर्षांच्या बास्केटबॉलपटूला पंधरा दिवसांत दोन संघांनी नारळ दिला. ९ डिसेंबरला गोल्डन स्टेट वॉरियर्सने आणि नाताळच्या आदल्या दिवशी ह्यूस्टन रॉकेट्सने. दोन्ही ठिकाणी कारण त्याच्या खेळात नव्हते. वॉरियर्सना डीआंद्रे जॉर्डन या सेंटरसाठी, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूसाठी, पैसे मोकळे करायचे होते आणि रॉकेट्सना सॅम्युएल डॅलेम्बर्ट या दुसऱ्या सेंटरसाठी जागा हवी होती. लिन खेळायचा पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या, आक्रमण रचणाऱ्या माणसाच्या जागी. सेंटरच्या जागेशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी गेला तोच. जॉर्डन वॉरियर्सना मिळालाही नाही, त्याच्या जुन्या संघाने तेवढीच रक्कम देऊन त्याला राखून ठेवले.

त्यानंतर सहा आठवड्यांत लिनचे नाव जगभर झाले. तो फेब्रुवारी आजही चमत्कार म्हणून सांगितला जातो, आणि मला ते सांगणे अपुरे वाटते. चमत्कार म्हटले की त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षे झाकली जातात, आणि बास्केटबॉल खेळून पोट भरणाऱ्या माणसाचे आयुष्य खरे तर त्याच वर्षांत असते. लिन पंधरा वर्षे व्यावसायिक खेळाडू होता. या धंद्यात जेवढे म्हणून दरवाजे आहेत, त्यांतल्या बहुतेकांतून तो कधी आत गेला, कधी बाहेर पडला. मोठ्या ताऱ्यांची चरित्रे वाचून हे कळत नाही, कारण त्यांना यांतले निम्मे दरवाजे दिसतच नाहीत.

आधी जागा किती असतात ते पाहू. एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये ३० संघ. प्रत्येक संघात नियमित करारावर जास्तीत जास्त १५ खेळाडू. म्हणजे ४५०. अलीकडे त्यांत प्रत्येकी तीन ‘टू-वे’ करारांची भर पडली आहे. हा खेळाडू मुख्य संघ आणि दुय्यम लीगमधला संघ यांच्यात ये-जा करतो, ५० हून अधिक सामन्यांसाठी मुख्य संघात बसू शकत नाही आणि बाद फेरीत खेळू शकत नाही. त्याला नवख्या खेळाडूच्या किमान वेतनाच्या निम्मे मिळते. सगळे धरून जागा ५४०. दर वर्षी अमेरिकेतल्या महाविद्यालयांतून आणि युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातून नवी पोरे या जागांसाठी येतात, पण जागा वाढत नाहीत. नवा आला की जुना जातो. पंधरापैकी पहिले आठ-नऊ जण रोज खेळतात. उरलेल्यांचे काम सरावात समोरच्या संघाची नक्कल करणे, बाकावर बसणे आणि कुणी जखमी झाला तर त्या रात्री उतरायला तयार असणे. एनबीएतली सरासरी कारकीर्द साडेचार-पाच वर्षांची धरली जाते, ती या शेवटच्या पाच-सहा जणांमुळे.

लिनचा जन्म १९८८ चा, लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्सचा. आईवडील तैवानहून आलेले. वडील जी-मिंग यांना बास्केटबॉलचे वेड, पण स्वतः कधी शिकलेले नव्हते. एनबीएचे सामने टेपवर पाहून पाहून त्यांनी खेळ समजून घेतला आणि पालो आल्टोच्या वायएमसीएमध्ये तीन मुलांना रात्री घेऊन जाऊन तो शिकवला. बास्केटबॉल १८९१ मध्ये जन्मला तोच मुळी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत, आणि भारतातही तो याच संस्थेबरोबर आला. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या मैदानाने आपल्याला किती खेळाडू दिले हे जुन्या मुंबईकरांना सांगायला नको. भारताचा कर्णधार झालेला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसिर तिथलाच.

पालो आल्टो हायस्कूलचा लिन कर्णधार होता. २००६ मध्ये त्यांच्या संघाने ३३ पैकी ३२ सामने जिंकले आणि कॅलिफोर्निया राज्याच्या अंतिम सामन्यात मेटर दाई या बलाढ्य शाळेला ५१-४७ असे हरवले. एवढ्यावर मोठ्या विद्यापीठांनी दारी रांग लावायला हवी होती. तिथे क्रीडा शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षणाचा सगळा खर्च, आणि एनबीएचा सरळ रस्ता तिथूनच जातो. लिनने आपल्या खेळाची डीव्हीडी आणि माहितीपत्रक स्वतः विद्यापीठांना पाठवले. घराशेजारचे स्टॅनफर्ड, बर्कली, यूसीएलए, कुणीही शिष्यवृत्ती देऊ केली नाही. संघात नक्की घेऊ असे सांगितले ते हार्वर्ड आणि ब्राउनने. ही दोन्ही आयव्ही लीगची विद्यापीठे, आणि आयव्ही लीग क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाही. पुढे एका मुलाखतीत आपल्याला कुणी का घेतले नाही या प्रश्नावर लिनने आडपडदा न ठेवता आपल्या आशियाई वंशाकडे बोट दाखवले. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. खेळाडू हेरणारी माणसे डोळ्यांनी पाहतात, आणि डोळ्यांना जे पूर्वी दिसलेले असते त्याच्याशी ते नव्याची तुलना करतात. आशियाई चेहऱ्याचा पॉइंट गार्ड त्यांनी पाहिलेलाच नव्हता. हार्वर्डमध्ये खेळतानाही प्रतिस्पर्ध्यांच्या प्रेक्षकांकडून, कधी खेळाडूंकडूनही, त्याला वंशावरून शिव्या ऐकाव्या लागल्या. तिथे तो अर्थशास्त्र शिकला, चार वर्षे खेळला, आणि कनेटिकटसारख्या नामांकित संघाविरुद्ध ३० गुण करून थोडेफार लक्ष वेधून घेतले.

मग आला ड्राफ्ट. दर वर्षी जूनमध्ये सगळे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. दोन फेऱ्या, २०१० मध्ये एकूण ६० नावे. टीव्हीवर दिसतात ते सूट घातलेले तरुण, आईला मिठी मारणारे. कागदावर मात्र पहिली आणि दुसरी फेरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्याचा पगार क्रमांकानुसार आधीच ठरलेला असतो आणि पहिली दोन वर्षे हमीची असतात. खेळा न खेळा, पैसे मिळणार. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याच्यावर संघाने पैसे लावले आहेत त्याला चुका करायची मुभा मिळते. दुसऱ्या फेरीतल्याला अशी कोणतीही आपोआप हमी नसते. आणि ज्याचे नावच पुकारले गेले नाही, त्याने ज्या दारात उभे केले जाईल तिथे उभे राहायचे. लिनचे नाव साठांत नव्हते.

ड्राफ्टमध्ये नाव येणे म्हणजे एनबीएत खेळणे, असा आपल्याकडे एक समज २०१५ मध्ये पसरला होता. पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा, सात फूट दोन इंच उंचीचा, लुधियानाच्या अकादमीतून फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेलेला. डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला आणि ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला. आपल्या वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर घेतली आणि ते योग्यच होते. पण दुसऱ्या फेरीतल्या उशिराच्या क्रमांकाचा अर्थ कुणी नीट सांगितला नाही. सतनाम दोन हंगाम मॅव्हरिक्सच्या दुय्यम संघाकडून, टेक्सस लेजंड्सकडून खेळला. एनबीएचा एकही नियमित सामना त्याच्या वाट्याला आला नाही, आणि पुढे तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीकडे वळला. निवडला गेलेला सतनाम शून्य सामने खेळला आणि न निवडलेला लिन ४८० खेळला. यात कुणाच्या लायकीचा निवाडा नाही. सतनामचा खेळ सावकाश, अंगाने रेटणारा होता, आणि नेमकी त्याच वर्षांत एनबीए लांबून मारणाऱ्या, चपळ उंच खेळाडूंकडे सरकत होती. भारतात राहता तर त्याला रेल्वे, बँक, पोलीस किंवा सेनादलात खेळाडू कोट्यातून नोकरी मिळाली असती. आपल्याकडच्या बास्केटबॉलपटूची खरी कारकीर्द आजही तीच आहे. पगार लहान, पण साठाव्या वर्षापर्यंतचा. अमेरिकेतल्या मुलाला ही सोय नाही, हे त्याच्या जिवावरच्या धडपडीकडे पाहताना लक्षात घ्यायला हवे.

लिनला दार उघडले तेही मॅव्हरिक्सनेच, पाच वर्षे आधी. जुलैमध्ये लास व्हेगासला समर लीग भरते. नवे निवडलेले, न निवडलेले आणि पुन्हा शिरकाव शोधणारे, सगळे तिथे खेळतात. पगार जवळजवळ नाही. एका सामन्यात लिनसमोर आला जॉन वॉल, त्या वर्षीचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. शेवटच्या काही मिनिटांत लिनने त्याच्याशी समोरासमोर झुंज घेतली आणि वॉलच्या बाजूने आलेले प्रेक्षक हळूहळू लिनसाठी ओरडू लागले. त्या काही मिनिटांवर त्याला वॉरियर्सचा करार मिळाला, दोन वर्षांचा आणि अंशतः हमीचा.

पहिल्या हंगामात तो २९ सामने खेळला, सरासरी २.६ गुण. तीनदा त्याला रीनोच्या दुय्यम संघात पाठवले गेले. तेव्हा त्या दुय्यम लीगला डी-लीग म्हणत. २००१ मध्ये सुरू झालेली ही लीग आता जी लीग या नावाने ओळखली जाते. लहान शहरे, अर्धे रिकामे हॉल, साध्या दर्जाचा प्रवास. त्या काळी तिथल्या करारावरच्या खेळाडूला अख्ख्या हंगामाचे साधारण १३ ते २५ हजार डॉलर मिळत. युरोपात किंवा चीनमध्ये याच्या कित्येक पट मिळत असूनही मुले इथे राहत, कारण एनबीएच्या हेरांची नजर इथे असते. बोलावणे आले तर ते दहा दिवसांच्या कराराचेही असू शकते. दहा दिवस, मग हवे तर आणखी दहा, आणि त्यानंतर संघाने एक तर हंगामभरासाठी घ्यायचे किंवा सोडायचे. लिनला डी-लीगमध्ये पाठवले जाणे अपमानासारखे वाटले होते. पण बाकावर बसून कुणाचा खेळ सुधारत नाही. रोज तीस-पस्तीस मिनिटे चेंडू हातात असणे त्याला तिथेच मिळाले. त्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडू यांच्या वादात लीगला टाळे लागले होते, तेव्हा त्याने लांबचा फटका मुळापासून नव्याने घडवला. हे काम कुणी पाहिले नाही, कारण टाळेबंदीत संघाच्या प्रशिक्षकांना खेळाडूंशी संपर्क ठेवायलाच मनाई होती.

टाळे निघाले आणि सुरुवातीला सांगितलेला डिसेंबर आला. संघाने सोडलेला खेळाडू लगेच मोकळा होत नाही. तो ‘वेव्हर’वर जातो. दोन दिवसांत दुसरा एखादा संघ त्याचा आहे तो करार जसाच्या तसा उचलू शकतो. अनेकांनी मागितला तर कामगिरीत खाली असलेल्या संघाचा हक्क आधी. लिन असा दोनदा उचलला गेला, आधी रॉकेट्सकडून आणि मग २७ डिसेंबरला न्यूयॉर्क निक्सकडून. निक्सना तो का हवा होता? दोन दिवस आधी, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्यांच्या इमान शम्पर्टचा गुडघा दुखावला होता, आणि बॅरन डेव्हिस पाठीच्या दुखण्याने घरी होता. गार्ड कमी पडत होते, एवढेच. या धंद्यात एकाचे दुखणे हीच दुसऱ्याची संधी असते आणि हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी एकमेकांशी वैर नसते, कारण उद्या पारडे फिरणार हेही ठाऊक असते.

करार पक्का नव्हता. त्या वर्षी १० फेब्रुवारी ही तारीख होती. तोपर्यंत ज्याला ठेवले त्याचा उरलेल्या हंगामाचा पगार हमीचा होई. म्हणजे नकोसे खेळाडू त्या तारखेच्या आत सोडायचे. लिनने न्यूयॉर्कमध्ये घर भाड्याने घेतले नाही. दंतवैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मोठ्या भावाच्या घरी तो कोचावर झोपायचा. जानेवारीत त्याला पुन्हा डी-लीगमध्ये, ईरी गावी पाठवले. २० जानेवारीला तिथे त्याने २८ गुण, ११ रीबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) आणि १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशी कामगिरी केली आणि त्याला परत बोलावले गेले. पण बाकावरच. निक्सच्या पहिल्या २३ सामन्यांत तो सगळी मिळून ५५ मिनिटे खेळला होता, आणि त्यांतले १५ सामने निक्स हरले होते. ४ फेब्रुवारीच्या आदल्या रात्री भावाकडे पाहुणे असल्याने तो सहकारी लँड्री फील्ड्सच्या कोचावर झोपला.

दुसऱ्या दिवशी रात्री नेट्सविरुद्ध प्रशिक्षक माइक डी’अँटोनी यांनी त्याला उतरवले. उतरवण्यामागे भरवशापेक्षा निरुपाय जास्त होता. पण डी’अँटोनी यांच्या आक्रमणात असे काही होते जे लिनला चपखल बसले, आणि ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पॉइंट गार्ड चेंडू घेऊन येतो, त्याला एक बचावपटू चिकटलेला. तेवढ्यात आपला सेंटर पुढे येऊन त्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो. गार्ड त्याच्या खांद्याला खांदा घासत बाजूने निसटतो. आता क्षणभर गार्ड आणि सेंटर दोघे आणि त्यांच्यासमोर एकच माणूस. त्याने गार्डला अडवले तर सेंटर बास्केटकडे धावतो आणि त्याला वरून चेंडू मिळतो. सेंटरबरोबर राहिला तर गार्ड स्वतः घुसतो. मदतीला तिसरा धावला तर कोपऱ्यात उभा असलेला लांब फटक्याचा माणूस मोकळा सुटतो. याला पिक अँड रोल म्हणतात आणि आजच्या एनबीएचा निम्मा संसार त्यावर चालतो. डी’अँटोनी यांनी फीनिक्समध्ये स्टीव्ह नॅशच्या जोडीने ते परिपूर्ण केले होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याकडे टायसन चँडलरसारखा धावणारा सेंटर होता, स्टीव्ह नोव्हाकसारखा नेमबाज होता, नव्हता तो अर्ध्या सेकंदात या तीनपैकी योग्य वाट ओळखणारा गार्ड. लिनला ते दिसत होते. डी-लीगमध्ये त्याने हेच शेकडो वेळा केले होते.

नेट्सविरुद्ध २५ गुण. पुढच्या सामन्यापासून तो सुरुवातीच्या पाचांत. सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्या पाच सामन्यांत २८, २३, ३८, २० आणि २७, एकूण १३६ गुण. त्यांतले ३८ लेकर्सविरुद्ध, समोर कोबी ब्रायंट असताना. टोरंटोत १४ फेब्रुवारीला बरोबरी असताना, घड्याळात अर्धा सेकंद उरला असता त्याने तीन गुणांचा फटका मारून सामना जिंकून दिला. सलग सात विजय. संघाचे दोन मोठे तारे, अमारे स्टूडमायर आणि कार्मेलो अँथनी, या काळात बहुतेक बाहेर होते, एक भावाच्या निधनामुळे आणि दुसरा दुखापतीमुळे. म्हणून चेंडू सतत लिनच्या हातात राहिला. तारे असते तर राहिला असता का, मला शंका आहे.

२३ फेब्रुवारीला मायामी हीटने उत्तर शोधले. त्यांचे गार्ड लिनला अर्ध्या मैदानाआधीच जाऊन भिडले, आणि पिकसाठी चँडलर पुढे आला की त्याचा बचावपटू मागे न हटता थेट लिनवर चालून गेला. दोघांच्या कचाट्यात लिनने चेंडू आठ वेळा गमावला आणि अकरापैकी एकच फटका टाकला. पुढे लीगभर त्याला डाव्या हाताला ढकलायला सुरुवात झाली, कारण तो हात कच्चा होता. नव्या खेळाडूच्या वाट्याला हे येतेच. प्रत्येक संघाकडे चित्रफिती कापून अभ्यास करणारी माणसे असतात. पहिले दहा सामने खेळाडू त्यांना चकवतो आणि मग ती त्याला. त्याला उत्तर देणारे डावपेच जो घरी जाऊन शिकून येतो तो टिकतो. लिनने हंगाम १४.६ गुणांच्या सरासरीने संपवला, पण मार्चअखेर डाव्या गुडघ्यातली गादी फाटली, शस्त्रक्रिया झाली आणि बाद फेरी हुकली.

खरी गंमत त्या उन्हाळ्यातल्या कागदांत आहे, आणि खेळाच्या पुस्तकांत ती फारशी येत नाही. लिन आता ‘मर्यादित मुक्त’ खेळाडू होता. म्हणजे दुसरा संघ त्याला प्रस्ताव देऊ शकतो, पण तेवढीच रक्कम मान्य करून जुना संघ त्याला ठेवू शकतो. आधी तर वेव्हरवरून आलेल्या खेळाडूला ठेवण्यासाठी जुन्या संघाला पगाराची मर्यादा ओलांडता येते का यावरच वाद होता. खेळाडूंची संघटना लवादाकडे गेली आणि लिन, नोव्हाक यांच्या बाजूने निर्णय लागला. संघटनेचे एवढे मोठे काम, पण प्रेक्षकांना त्याचा पत्ताही नसतो. मग रॉकेट्सने प्रस्ताव दिला तीन वर्षांचा, सुमारे २ कोटी ५१ लाख डॉलरचा. पहिली दोन वर्षे प्रत्येकी ५० लाखांच्या आसपास आणि तिसऱ्या वर्षी एकदम १ कोटी ४८ लाखांच्या घरात. नियम असा की रॉकेट्सच्या हिशेबात ती रक्कम तीन वर्षांत सारखी विभागून धरता येई, निक्सच्या हिशेबात मात्र तिसऱ्या वर्षीच अंगावर येणार. त्या वर्षी निक्सचा एकूण पगार मर्यादेच्या पार वर असल्याने त्यावर लीगला भरायचा दंड वेगळा. निक्सने लिनवर पाणी सोडले. सात महिन्यांपूर्वी नाताळच्या आदल्या दिवशी ज्यांनी त्याला काढले होते त्या रॉकेट्सचे महाव्यवस्थापक डॅरिल मोरे यांनी आपण त्याला ठेवायला हवे होते हे जाहीरपणे मान्य केले होते. आता त्यांनीच ही किंमत मोजली.

ह्यूस्टनमध्ये काही महिन्यांतच जेम्स हार्डन हा मोठा तारा आला आणि चेंडू त्याच्या हाती गेला. मग लेकर्स, शार्लट, ब्रुकलिन, अटलांटा. दर वेळी नवे शहर, नवा प्रशिक्षक, नवी भाषा. प्रत्येक संघाच्या डावपेचांची स्वतःची सांकेतिक नावे असतात, ती सप्टेंबरात पाठ करायची. शार्लटमध्ये वर्षाला साधारण २१ लाखांवर तो दुसऱ्या फळीत खेळला, चांगला खेळला, आणि त्यातून ब्रुकलिनचा तीन वर्षांचा, साडेतीन कोटींहून मोठा करार मिळाला. पगार असा वरखाली होतो. त्यातले दहा टक्के लीग आधीच राखून ठेवते, एजंटचे चार टक्क्यांपर्यंत, आणि ज्या ज्या राज्यात सामना खेळला तिथला आयकर वेगळा. तरीही रक्कम प्रचंड राहते हे खरे. पण ती किती वर्षे मिळेल हे खेळाडूच्या हातात नसते.

१८ ऑक्टोबर २०१७, इंडियानापोलिस, हंगामाचा पहिला सामना. लिन बास्केटखाली उडी मारून उतरला आणि खाली बसला तो उठलाच नाही. दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून तो रडत होता, आता सगळे संपले असे म्हणत होता. कॅमेऱ्यात ते स्पष्ट दिसले. गुडघ्याच्या वाटीला नडगीच्या हाडाशी बांधून ठेवणारी जाड दोरी फाटली होती. पाय सरळ करणे, उडी मारणे आणि थांबणे, तिन्ही गोष्टी या एका दोरीवर अवलंबून असतात. शस्त्रक्रियेने ती जोडली जाते, पण पहिल्या दोन पावलांचा वेग पूर्वीचा राहत नाही. लिनचा तर सगळा खेळ त्या दोन पावलांवर उभा होता. पगार हमीचा असल्याने मिळत राहिला. पण एकोणतिसाव्या वर्षी, गार्ड म्हणून शिखरावर असायच्या वयात, त्याचे अख्खे वर्ष गेले.

२०१९ च्या फेब्रुवारीत अटलांटाने त्याच्याशी तडजोड करून करार संपवला. शर्यतीतून बाहेर पडलेले संघ अनुभवी खेळाडूंना असे मोकळे करतात. १ मार्चच्या आत सुटलेला खेळाडू दुसऱ्या संघाकडून बाद फेरी खेळू शकतो, म्हणून फेब्रुवारीत अशी धावपळ असते. टोरंटो रॅप्टर्सने त्याला घेतले आणि त्या जूनमध्ये ते विजेते झाले. एनबीए विजेत्या संघातला तो पहिला आशियाई अमेरिकन खेळाडू. सगळ्या बाद फेरीत तो २७ मिनिटे खेळला, अंतिम मालिकेत जेमतेम एक मिनिट. विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठीवर आपला हक्क आहे असे वाटत नाही, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. मी याबाबतीत त्याच्याशी सहमत नाही. रोज सरावात समोरच्या संघाचा गार्ड बनून आपल्या बचावाला घासून घेणारा माणूस संघाला लागतोच, आणि पंधरावा माणूस तेच करतो.

जुलैमध्ये कुणाचाही फोन आला नाही. तैवानमध्ये एका भाषणात, श्रोत्यांसमोर रडत, एनबीएने आपल्याला सोडून दिल्यासारखे वाटते असे तो म्हणाला. वय तीस. एनबीएत मिळवलेली कमाई सुमारे साडेसहा कोटी डॉलर, तीन हंगामांनंतर लागू होणारे निवृत्तिवेतनही पदरात. त्याला पैशांसाठी खेळायची गरज उरली नव्हती. तो बीजिंग डक्सकडे गेला. चीनमध्ये त्याला अफाट लोकप्रियता होती, आणि परदेशी लीग म्हणजे उतरती कळा हा अमेरिकनांचा समजही मला एकांगी वाटतो. युरोप, चीन, तुर्कस्तान, ऑस्ट्रेलिया इथे हजारो खेळाडू नीट संसार करतात. एनबीएत पंधरावा असलेला तिथे पहिला असतो, चेंडू त्याच्या हातात असतो.

तरी एकदा तो परतला. २०२१ मध्ये करोनामुळे जी लीग ऑरलँडोत एका बंदिस्त जागी भरली. लिन साँटा क्रूझ वॉरियर्सकडून खेळला, बत्तिसाव्या वर्षी, विशी-बाविशीतल्या पोरांबरोबर. नऊ सामन्यांत सरासरी १९.८ गुण आणि ६.४ असिस्ट. मैदानात एका खेळाडूने त्याला ‘करोनाव्हायरस’ म्हणून हिणवल्याचे त्याने उघड केले, पण नाव सांगायचे नाकारले. कुणाला उघड्यावर टांगून त्यातून काही साधत नाही, असे त्याचे म्हणणे होते. एनबीएतून बोलावणे आले नाही. दुय्यम लीगमध्ये संघ भविष्य शोधतात. त्याच आकड्यांसाठी बावीस वर्षांच्या मुलाला करार मिळाला असता, आणि संघांच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक काढता येत नाही.

मग पुन्हा बीजिंग, नंतर ग्वांगझू, आणि २०२३ पासून तैवान. तिथे न्यू तैपेई किंग्जमध्ये त्याचा धाकटा भाऊ जोसेफ त्याच्याबरोबर खेळत होता. २०२४ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवले. २०२५ मध्ये पुन्हा मिळवले आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून छत्तीस वर्षांच्या जेरेमीची निवड झाली. त्याच ऑगस्टच्या अखेरीस, सदतिसावा वाढदिवस झाल्यावर साधारण आठवड्याने, त्याने निवृत्ती जाहीर केली. एनबीएतले त्याचे ४८० सामने, सरासरी ११.६ गुण आणि ४.३ असिस्ट. ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्यांत एवढे सामने खेळलेले मोजकेच आहेत.